बुधवारचा दिशाशूल

गुरुजींच्या हातात पंचांग नाही असं मी कधी पाहिलं नाही. पूजेला जाताना असायचंच, पण दूध आणायला निघाले तरी झोळीत पंचांग. बाहेरगावचं बोलावणं आलं की ते उघडायचं, पानावरून बोट फिरायचं आणि गुरुजी शांतपणे सांगायचे, "त्या दिवशी दिशाशूल आहे. जमणार नाही." अमुक वारी तमुक दिशेला निघू नये, निघालं तर विघ्न येतं, असा तो जुना हिशेब. यजमानांनी गाडी पाठवतो म्हणावं, हातापाया पडावं, गुरुजी ढिम्म. राजापेठेतल्या आमच्या गल्लीत त्यांचं नावच दिशाशूल गुरुजी पडलं होतं. त्यांना जाऊन आता तीन वर्षं झाली, पण अजूनही कुणी कुठे जायला टाळाटाळ केली की गल्लीत विचारतात, काय, गुरुजींचा दिशाशूल का?

नेम काय एकच होता? सत्यनारायणाचा चौरंग आतल्या खोलीत मांडलेला दिसला की स्वतः उचलून दाराजवळ आणायचे. चौथ्या मजल्यावर वास्तुशांत असली तरी लिफ्टमध्ये पाऊल ठेवायचे नाहीत, धापा टाकत जिन्याने चढायचे. लग्नाच्या मांडवात गर्दी व्हायच्या आत अक्षता टाकून मोकळे. लोकांनी या प्रत्येक गोष्टीला आपापला अर्थ लावला होता. माझे बाबा कोर्टात कारकून होते, त्यांना नेमाचं भारी कौतुक. असा कडक ब्राह्मण आता अमरावतीत दुसरा नाही, असं ते येईल त्याला सांगायचे. मीही मान डोलवायची. आमच्यासारखी बावळट माणसं आम्हीच.

मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते. राजापेठेतल्या एका क्लासमध्ये बारावीला केमिस्ट्री शिकवायची आणि रविवारी बसने अकोल्याला जायची, कारण तिथे क्लासची दुसरी शाखा होती. एका रविवारी परत येताना मूर्तिजापूरच्या अलीकडे, काहीही कारण नसताना, माझ्या छातीत काहीतरी सुटलं. बोटं बधिर झाली, ओठ बधिर झाले, श्वास आत जाईना. शेजारची बाई सीताफळांची टोपली मांडीवर घेऊन बसली होती. ती सीताफळं मला दिसत होती आणि मनात एकच वाक्य होतं, मी मेले. कंडक्टरने बस थांबवली, दोघांनी मला दवाखान्यात नेलं. तिथे छातीला वायरी लावल्या, कागद निघाला आणि डॉक्टर म्हणाले, हृदय ठणठणीत आहे, काहीही झालेलं नाही. मला वाटलं होतं हे ऐकून बरं वाटेल. उलट जास्त घाबरले. काहीच झालेलं नसताना इतकं होतं, तर त्याला थांबवणार कशाने?

चार दिवसांनी ते वर्गात आलं, फळ्यावर समीकरण लिहिताना. खडू हातातून पडला. मी मुलांना पाणी पिऊन येते असं सांगितलं आणि तडक घरी आले. त्यानंतर अकोला सुटलं. मग क्लासचा दुसरा मजला सुटला, मग भाजीबाजार. महिनाभरात मी गल्लीच्या तोंडाशी असलेल्या औषधाच्या दुकानापर्यंतच जात होते, तेही आई बरोबर असली तर. क्लासच्या सरांनी निरोप पाठवला की जूनमध्ये अकोल्याची शाखा तुम्हीच सांभाळायची आहे, येणार की नाही ते कळवा. मी काय कळवणार? मला दुकानापलीकडचा रस्ता बघूनच घाम फुटत होता.

घरात सल्ल्यांचा बाजार भरला. आईने मीठ-मिरच्या ओवाळून दृष्ट काढली. अचलपूरची मावशी म्हणाली, पोरीचं लग्न करून टाका, सगळं बसतं जागेवर. शेवटी बाबांनी मला गाडीत घालून अकोल्याला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे नेलं. अमरावतीत असे डॉक्टर नव्हते असं नाही, पण एकाची पाटी आमच्या क्लाससमोरच होती आणि विद्यार्थ्यांनी मॅडमना त्या दारात पाहिलं असतं तर, या भीतीने आम्ही नव्वद किलोमीटर गेलो. डॉक्टर भले होते. घाई न करता सांगितलं, याला घाबरण्याचे झटके म्हणतात, यात माणूस मरत नाही, वेडाही होत नाही. एक रस्ता रोजच्या गोळीचा, तिचा गुण यायला काही आठवडे लागतात आणि सुरुवातीला मळमळ, बेचैनी वाढू शकते. दुसरा समुपदेशनाचा, त्यात ज्याची भीती वाटते तेच थोडं थोडं करायला लावतात. दोन्ही एकत्र घेतलं तर तुमच्या बाबतीत चांगलं, पण विचार करून ठरवा, असं म्हणून त्यांनी गोळ्या लिहून दिल्या आणि एका बुधवारी परत बोलावलं. घरी आल्यावर आई म्हणाली, एकदा लागली की सुटत नाही ती गोळी. ते पाकीट मी कपाटात साड्यांखाली ठेवलं. रोज उघडून बघायची आणि परत ठेवायची. गोळी घेण्याची भीती, न घेण्याची भीती, अशी दोन्हीकडून कोंडी.

एका सकाळी हिंमत करून एकटी दुकानापर्यंत गेले आणि परत येताना गुरुजींच्या फाटकाशी ते पुन्हा आलं. गज धरून खाली बसले. गुरुजी अंगणात कण्हेरीची फुलं तोडत होते. ते आले, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि डॉक्टरला बोलवा, पाणी आणा, असलं काहीही न करता शेजारी मातीत बसले.

"जीव जाऊन राहिला असं वाटते ना? नाही जात. मले ठाऊक आहे. आता म्हण माझ्यासंगं. जंबुद्वीपे, भरतवर्षे, गोदावर्याः उत्तरे तीरे..."

पूजेच्या आधीचा संकल्प. आपण कुठल्या खंडात, कुठल्या नदीच्या काठाला बसलो आहोत, संवत्सर कोणता, ऋतू कोणता, महिना, तिथी, वार, मग आपलं गोत्र आणि नाव. लहानपणापासून ऐकलेलं, पण त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. ते एक एक शब्द लांबवत होते आणि मी ओढत ओढत मागून म्हणत होते. वार सांगताना अडखळले तर म्हणाले, "आठव. घाई नाही, गाडी नाही सुटून राहिली." नावापर्यंत आलो तेव्हा माझी बोटं हलत होती.

मग काय, मला गुरुकिल्लीच सापडली. उठता बसता संकल्प. झटका यायचाच, पण निभायचा. आठवड्याने मी पेढे घेऊन गुरुजींकडे गेले आणि सांगितलं की आता गोळ्या नकोत आणि ते समुपदेशन तर मुळीच नको, तुमचा संकल्प पुरे आहे. मला वाटलं खूश होतील. त्यांनी पेढा हातात धरला, खाल्ला नाही. "बरं," इतकंच म्हणाले.

बुधवार जवळ आला. बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, गाडी चालवायची बंदी. डॉक्टरांना गोळ्या नको म्हणून सांगायला तरी जायला हवं होतं आणि एकटीने बसमध्ये चढणं माझ्याच्याने होणं शक्य नव्हतं. मी गुरुजींना म्हटलं, तुम्ही चला माझ्याबरोबर, तुम्ही असलात की मी अकोला काय, काशीपर्यंत येईन. गुरुजींनी पंचांग उघडलं. बोट फिरलं.

"बुधवारी दिशाशूल आहे. जमणार नाही."

आता, बाबांनी मला लहानपणी पाढ्यांबरोबर हेही पाठ करून घेतलं होतं. सोम-शनि पूर्व, रवि-शुक्र पश्चिम, मंगळ-बुध उत्तर, गुरुवार दक्षिण. मी बोलून गेले, "गुरुजी, बुधवारी उत्तरेला. अकोला तर पश्चिमेला आहे."

गुरुजींनी पानावरचं बोट काढून घेतलं. पंचांग मिटलं, मांडीवर ठेवलं, त्यावर दोन्ही हात ठेवले. इतकी वर्षं अख्ख्या गल्लीत कुणी वार आणि दिशा ताडून पाहिली नव्हती, कारण गुरुजी चुकतील असं कुणाच्या डोक्यातच येणार नव्हतं. त्यांचा चेहरा पाहून मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग ते हळूहळू सांगू लागले. सव्वीस वर्षांपूर्वी अचलपूरला एक लग्न लावायला निघाले होते. आसेगावच्या आसपास बसमध्ये त्यांना तेच झालं, जे मला मूर्तिजापूरजवळ झालं. आरडाओरडा करून बस थांबवली, उतरले आणि झाडाखाली बसून राहिले. तिकडे मुहूर्त टळला, दुसऱ्या भटजींनी लग्न लावलं. त्यानंतर त्यांनी अमरावती सोडली नाही. बस नको, लिफ्ट नको, बंद खोली नको. कुणाला कळू नये म्हणून पंचांग पुढे करायचं. अकोल्याला त्यांची थोरली बहीण होती, ती गेली तेव्हाही निरोप घेऊन आलेल्या माणसाला त्यांनी दिशाशूलच सांगितला.

"लोकं म्हणाले, सख्खी बहीण गेली तरी गुरुजीनं नेम नाही मोडला. मी कायचा नेमाचा, पोरी. मी भेलो होतो."

मी रडायला लागले. माझ्यासाठी रडत होते की त्यांच्यासाठी, सांगता येत नाही. गल्लीच्या तोंडाचं ते दुकान मला डोळ्यांसमोर दिसत होतं. सव्वीस वर्षं तिथपर्यंतच.

"संकल्प म्हणजे पूजा नव्हे," गुरुजी म्हणाले. "संकल्प करून भटजी उठून गेला तर पूजा झाली का? मी आयुष्यभर नुसता संकल्पच करून राहिलो. तू डॉक्टर सांगते ते कर. आणि लवकर कर, हे वाढत जाते."

त्या संध्याकाळी मी पहिली गोळी घेतली. डॉक्टरांना फोन करून पुढची तारीख मागितली, आणि मग समुपदेशनासाठी क्लाससमोरच्याच पाटीखाली गेले. ज्याला बघायचं त्याने बघावं म्हटलं. पहिले पंधरा दिवस वाईट गेले, जेवण जाईना, अंगात मुंग्या. आई रोज म्हणायची सोड, आणि गुरुजी रोज फाटकातून विचारायचे, घेतली का. तिसऱ्या आठवड्यात एक दिवस भाजीबाजारात जाऊन आले, नंतर लक्षात आलं की संकल्प म्हणायचा राहूनच गेला होता. मी गुरुजींच्या मागे लागले की तुम्हीही दाखवा. ते हसायचे, आता उरलं किती, म्हणायचे. किती वेळा भांडले मी त्यांच्याशी, पण गोळ्यांना त्यांनी हात लावला नाही.

जूनच्या पहिल्या रविवारी मला अकोल्याला रुजू व्हायचं होतं. आदल्या दिवशी गुरुजी स्वतः आले आणि म्हणाले, उद्या मीही येतो, ताईच्या घरी जाऊन येऊ. रविवारी पश्चिमेला खराच दिशाशूल असतो, हे मी बोलले नाही. सकाळी ते धुतलेलं धोतर नेसून, हातात खण-नारळाची पिशवी घेऊन राजापेठेच्या थांब्यावर उभे होते. आम्ही दाराजवळची सीट धरली. बस सुटली तसं त्यांनी माझं मनगट पकडलं. ओठ हलत होते, जंबुद्वीपे, भरतवर्षे. माझ्याही छातीत धडधड सुरू झाली. त्यांना धरू की स्वतःला, कळेना.

बडनेऱ्याला बस थांबली आणि गुरुजी उठले. चेहरा पांढराफटक, कपाळावरून घाम निथळत होता. मीही उठले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून मला खाली बसवलं.

"मी उतरतो. तू नको उतरू," असं म्हणून त्यांनी पिशवी माझ्या मांडीवर ठेवली. "हे ताईच्या फोटोपुढं ठेव. अन् तिले सांग, बडनेऱ्यापर्यंत आलो होतो."

बस निघाली. ते थांब्यावर उभे होते, झोळीशिवाय, पंचांगाशिवाय. हात वर केला होता. मूर्तिजापूर आलं तेव्हा माझ्या जिवाचं पाणी पाणी झालं होतं, पण मी पिशवी दोन्ही हातांनी धरून बसले आणि उतरले नाही.

अकोल्यात त्यांच्या भाच्याने मला फोटोपाशी नेलं. मी खण-नारळ ठेवला, नमस्कार केला. भाचा मागे उभा होता म्हणून संकोच वाटत होता, तरी मोठ्याने म्हणाले, "आत्या, गुरुजी बडनेऱ्यापर्यंत आले होते."