सुशीची भूमिती आणि डावी कळी

माझ्या धाकट्या बहिणीला मी घरी शिकवून मॅट्रिक केलं, ही गोष्ट आचऱ्याजवळच्या आमच्या वाडीत सगळ्यांना ठाऊक आहे, आणि ती खोटी आहे. आता ऐंशी उलटल्यावर ती दुरुस्त करतो.

तेव्हा पुढच्या वर्गांची शाळा खाडीपलीकडे होती. सुशी मॅट्रिकच्या आदल्या वर्गात गेली आणि होडी एकदा कलंडली. कोणी बुडालं नाही, पण बाबांनी तिची शाळा बंद केली. "घराकडे शिक. बाहेरसून परीक्षेक बस. पास झालंस तर मामाकडे मुंबयत कॉलेज. नापास झालंस तर तुळशीच्या लग्नामागोमाग तुझा."

"शिकयतलो कोण?" सुशीने विचारलं.

"मी," मी म्हणालो. (मी स्वतः मॅट्रिक दुसऱ्या खेपेला झालो होतो. म्हणजे अनुभव दुप्पट.)

इतिहास जमला. मराठी जमलं. भूमितीच्या तिसऱ्या प्रमेयाशी आम्ही चार दिवस बसलो. पाचव्या दिवशी मी जाहीर केलं, "ह्या परीक्षेक येना नाय."

"पुस्तकात कित्याक आसा मगे?"

मी देवळात गेलो. आमच्याकडे घरातला कुठलाही पेच देवाला विचारतात. गुरव देवाच्या पाषाणावर दोन्ही अंगांना ओल्या कळ्या चिकटवतो. उजवी पडली की होकार, डावी पडली की नकार. "भूमिती सोडू काय?" मी विचारलं. डावी कळी ताबडतोब पडली. देवाने विचारसुद्धा केला नाही.

घरी येऊन मी सांगितलं, "उजवी पडली."

बाबांनी हात जोडले. दुसऱ्या दिवसापासून सुशी दुपारी शेजारच्या फिलोमिनाबाईंकडे विणकाम शिकायला जाऊ लागली. बाई पेन्शनीत निघालेल्या मास्तरीण. आठ महिन्यांत सुशीचा एक रुमाल अर्धाच विणून झाला, आणि मला वाटलं, पोरगी हाताने मंद आहे.

परीक्षेला मी तिला मालवणला घेऊन गेलो. गणिताचा पेपर सुटल्यावर फाटकाशी एका मुलाच्या हातातून प्रश्नपत्रिका घेऊन पाहिली. निम्मी भूमिती. माझ्या डोळ्यांपुढे तुळशीचं लग्न उभं राहिलं, मुंडावळ्यांसकट. सुशी बाहेर आली आणि म्हणाली, "भूक लागली." मी तिला दोन बशा भजी खाऊ घातली. पापाचं ओझं जरा तरी उतरावं म्हणून.

ती पास झाली. गुणपत्रिका आली तेव्हा सगळ्यांत जास्त गुण गणितात, भूमितीसकट! बाबा गावभर सांगत सुटले, "माझ्या झिलान भूमिती शिकवलीच नाय, नि देवान पास केल्यान." देवाला केळ्यांचा घड वाहिला. गुरव माझ्याकडे बघून एकदा खोकला. महिन्याभरात तीन घरचे लोक आपापल्या मुली घेऊन आमच्या ओसरीवर हजर झाले. मी मिळेल ती नोकरी धरून मुंबईला पळालो. सुशी कॉलेजात गेली, पुढे स्वतः गणित शिकवू लागली, आणि मी मात्र देवाच्या नावावर खोटं बोललो म्हणून आयुष्यभर झुरलो.

गेल्या महिन्यात तिच्या घरी जाऊन सगळं कबूल केलं. ती शेंगा सोलत होती. शेवटपर्यंत ऐकून घेतलं तिने.

"माका ठावक होता," ती म्हणाली.

"गुरवान सांगितल्यान?"

"नाय रे दादा. तुझ्या तोंडावरच दिसत होता. नि तुझ्या आधी आठ दिवस मीच कौल लावलेलंय. दादाकडे शिकलंय तर पास होतलंय काय, म्हणान."

"मगे?"

"डावी पडली. तेवाच फिलोमिनाबाईक विचारून ठेवलंय."

छातीवरचा धोंडा उतरला. इतकी वर्षं मी देवाबद्दल खोटं सांगितलं म्हणून रडत होतो. देवाने माझ्याबद्दल खरं काय ते आठ दिवस आधीच सांगून टाकलं होतं.