काळ्या झाडाचं पिल

“ह्या झाडाले आनि त्या पोरीले काहीच लागत नाही. दोघं भी एक दिवस उपाशी मरतीन.”

मी जिन्याच्या मधल्या पायरीवर चपलेचा पट्टा लावत होते आणि खाली अंगणात नाना अक्कांना हे सांगत होते. मला तिथं राहायला येऊन आठवडाच झाला होता. अक्का म्हणाल्या, “हयू बोला, तिले ऐकू जाईन.” नाना म्हणाले, “जाऊ दे ना. उत्तर द्याले तरी तोंड उघडीन.” मी चार पायऱ्या परत वर गेले, पाय वाजवत पुन्हा उतरले आणि दोघांकडे बघून हसून ऑफिसला निघून गेले.

नाना माझे घरमालक. सावद्याचे केळीवाले. नातवंडांच्या शिक्षणासाठी त्यांनी जळगावात मेहरूणला घर बांधलं; नातवंडं शिकून पुण्याला गेली आणि घरात नाना-अक्का दोघंच उरले. शेती मुलगा बघायचा. वरची खोली त्यांनी मला दिली होती. मी धुळ्याची, नोकरीसाठी आलेली, शनिवार-रविवार घरी पळणारी. नानांची विचारपूस करायची पद्धत एकच होती. “पानी झालं का?” हे ते फोनवर मुलाला विचारत, दूधवाल्याला विचारत, लग्नाची पत्रिका घेऊन आलेल्या अनोळखी माणसालासुद्धा विचारत. ‘हो’ म्हटलं की त्या माणसाचं सगळं ठीक चाललंय अशी त्यांची खात्री पटायची.

माझ्या झाडाचं मात्र पाणी कधीच झालेलं नसायचं. मी ते नर्सरीतून आणलं होतं. झेडझेड म्हणतात त्याला, त्यातलंही काळ्या पानांचं. जाड, गुळगुळीत पानं, नुकतंच पॉलिश केलेल्या बुटासारखी चमकणारी. नर्सरीवाल्यानं सांगितलं होतं, तीन आठवड्यांनी एकदा पाणी द्या, कडक ऊन लागू देऊ नका, आणि सारखा हात लावू नका. एवढ्या कमी अटी ऐकून मी दुसरं झाड बघितलंच नाही. खोलीबाहेरच्या गॅलरीत, सावलीच्या बाजूला मी ती कुंडी ठेवली. नानांना त्या अटी ऐकूनच राग आला. “ज्याले पानी लागत नाही, त्याले मानूस काहून लागीन?” असं म्हणून त्यांनी सरळ मातीत बोट खुपसलं.

एका सोमवारी धुळ्याहून परतले, तर गॅलरीतल्या खिळ्याला सलाईनची रिकामी बाटली टांगलेली. तिची नळी माझ्या कुंडीत, आणि नळीतून टप, टप, टप. “ठिबक बसवलं,” नाना म्हणाले. “आता तू बिनघोर धुळ्याले जात जाय.” मी “थँक यू, नाना” म्हणाले. ते खाली गेल्यावर नळीचं चाक फिरवून पाणी बंद केलं. संध्याकाळी ते चालू होतं. मी बंद केलं. सकाळी पुन्हा चालू. महिनाभर आम्ही दोघं असे एका चाकाशी खेळत राहिलो आणि दोघांपैकी एकानंही त्याबद्दल अक्षर काढलं नाही.

पाच दांड्यांपैकी दोन पिवळ्या पडून आडव्या झाल्या, तेव्हा नानांनी त्या उपटल्या. मातीखालून बटाट्यासारखे गड्डे निघाले. एकाचा चिखल झाला होता. दुसरा टणक, पाण्यानं भरलेला. तो नानांनी हातात तोलला, नखानं टोचून पाहिला आणि जिन्यात वाकून ओरडले, “अव, वर ये! ह्याच्या पोटात टाकी हाये, टाकी!” पुढचे तीन दिवस गल्लीतले लोक टाकी बघायला माझ्या गॅलरीत येत होते. येणाऱ्या प्रत्येकाला नाना गंभीरपणे सांगत, “कोन्या येड्यानं ह्याले ठिबक लावलं होतं. मी काढलं.”

पाणी थांबलं, पण नानांचं येणं थांबलं नाही. रोज दहाच्या सुमाराला ते गुडघ्यावर हात ठेवत जिना चढायचे, खांद्यावरच्या ओल्या रुमालानं एकेक पान पुसायचे आणि झाडाला सावद्याच्या बातम्या सांगायचे. अक्का खालून म्हणायच्या, “गुडघ्याले तेल मी चोळू, आनि जिने झाडासाठी चढा तुम्ही!” मी नऊला निघायचे, म्हणून हे सगळं मला फक्त आठवड्याच्या मधेच एखादी सुट्टी आली की, पडद्याआडून दिसायचं. मी त्या दिवसांची वाट बघायला लागले.

मुलानं शेतातलं ठिबक मोबाइलवर घेतलं, हे नानांच्या मनाला फार लागलं होतं. पण एक गोष्ट अजून त्यांच्याच हातात होती. केळीच्या बुंध्याशी जे नवे कोंब फुटतात, त्यांना पिल म्हणतात. ते वेळेवर काढले नाहीत तर मोठ्या झाडाची ताकद खातात आणि घड बारीक राहतो. नाना पिल कापायचे ते तिरप्या, एकाच घावात. पुन्हा तिथून काही फुटत नसे. शेजारच्या मळ्यांतूनही त्यांना अजून बोलावणं यायचं. ते गाडीत बसताना मला मुद्दाम ऐकवायचे, “पानी मोबाइलवर सोडता येतं. पिल कापाले मी लागतो.”

पावसाळ्यानंतर माझ्या कुंडीत मातीला लागून एक हिरवं खोड दिसलं. बोटाएवढं जाड, एकाच घावात तिरपं कापलेलं. दोन महिन्यांनी दुसरं. मी समजायचं ते समजले. ह्या झाडाचा कोवळा कोंब पोपटी असतो, काळा व्हायला त्याला वेळ लागतो. नाना अक्कांना समजावत असताना मी ऐकलं, “माय कायी आनि पोर हिरवं, असं कुठी असतं का? खात होतं मायले!”

मला सांगायचं होतं. रोज जिन्यात वाक्य तयार व्हायचं आणि फाटकापर्यंत विरून जायचं. आयुष्यभर जे काम केलं, तेच चुकलं, असं त्या माणसाला मी कोणत्या तोंडानं सांगणार होते? मग मी कुंडी फिरवली आणि तिसरा कोंब भिंतीकडे वळवला. नानांनी ती परत फिरवली, कारण उजेड सगळ्या अंगानं पाहिजे. आणि कोंब गेला. शेवटी एका शनिवारी मी धुळ्याला न जाता झाडच खोलीत घेतलं. दहाला नाना वर आले. कुंडीच्या जागी फरशीवर नुसतं मातीचं गोल वर्तुळ होतं. ते तिथं बराच वेळ उभे राहिले. दार वाजवलं नाही. रुमालाची घडी केली आणि कठडा धरून हळूहळू खाली उतरले. संध्याकाळच्या आत कुंडी मी परत बाहेर ठेवली.

आता मी शिरपूरला असते आणि कुणाच्याही घरी गेले की आधी कुंडीत बोट घालून बघते. लोक हसतात. त्यातल्या एक-दोघांशी माझी ओळख अशीच झाली.

जळगावात असताना ह्या शिरपूरच्या बदलीचा कागद आला, त्याच आठवड्यात चौथा कोंब वर आला. जुन्या तीन दांड्यांपैकी एक पिवळी पडत होती. हाही गेला तर मी काय घेऊन जाणार होते? त्या रविवारी मी घरी गेले नाही. दहाला जिन्यावर चपला वाजल्या. नानांच्या हातात लहान विळा, मागून चहा घेऊन अक्का.

“ये व माय,” नाना कुंडीशी उकिडवे बसत म्हणाले. “तू आता चालली. पिल कसं कापतात, पाहून घे.” त्यांनी कोंब दोन बोटांत धरला.

मी त्यांच्या बोटांवर माझा हात ठेवला.

“नका कापू, नाना. हे पिल नाहीये. ह्याला नवी दांडी अशीच येते, आधी हिरवी, मग काळी होते. ह्याच्या आधीच्या तीन तुम्ही कापल्यात.”

नानांनी एकदा हिरव्या कोंबाकडे पाहिलं, एकदा काळ्या दांडीकडे. “तीन?”

“तीन.”

“म्हंजे वरीसभर मी ह्याची लेकरं मारत होतो?”

“तुम्ही कशाले,” अक्का कप ठेवत म्हणाल्या, “कोन्या येड्यानं मारली असतीन.”

आधी नानांचे खांदे हलले, मग ते फरशीवरच बसले आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत राहिले. मीही हसले, आवाज करून. हसून झाल्यावर त्यांनी विळा लांब सरकवला आणि माझ्याकडे नीट पाहिलं.

“तुले सगयं ठाऊक होतं. मंग बोलली काहून नाही? माहा धाक वाटे का?”

“धाक नव्हता, नाना,” मी म्हणाले. “मी सांगितलं असतं, तर तुम्ही जिना चढून यायचं बंद केलं असतं.”