अर्धा सूर वर

शनिवार, नोव्हेंबरचा पहिला. श्रूजबरी, आमचं बेसमेंट. हजर: कीबोर्ड वाजवणारा नागपूरकर, गाणाऱ्या काकू आणि बेस गिटार घेऊन मी. तबलेवाले गैरहजर, कारण सर्दी.

तबला नाही म्हणून नागपूरकराने ऑनलाइन ट्रॅक आणला होता. कुठल्याशा व्हिडिओतून ॲपने मूळ गायिकेचा आवाज काढून टाकलेला, मागचं संगीत तेवढं ठेवलेलं. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात काकूंचं एकच गाणं असतं, आणि हे भावगीत त्या काळी चारमध्ये वर्षानुवर्षं गात आल्या आहेत. त्या दिवशी अंतऱ्यातल्या वरच्या सुरावर आवाज फाटला. पुन्हा घेतलं, पुन्हा फाटला.

"काकू, ट्रॅक ओरिजिनल स्केलमध्येच आहे हां," नागपूरकर म्हणाला. "आपण थोडं खाली घेऊ या का? एक क्लिक आहे फक्त."

काकूंनी पाण्याची बाटली बंद केली. "खाली कशाला? सत्तरी झाली, गेला आवाज. माझं नाव काढा यादीतून." आणि शाल घेऊन वर गेल्या. चहालाही थांबल्या नाहीत.

मला वेगळंच खटकत होतं. ट्रॅकमधला सा माझ्या मोकळ्या तारेवर येत होता. बोट न लावता. काळी चारचा सा इतका सोपा कसा?

मी बेस शिकले ती चाळिशीत, छापील मासिकांवरून. त्यांच्यावरही माझा आंधळा विश्वास नाही. डाव्या पानावर ॲम्पची स्तुती आणि उजव्या पानावर त्याच ॲम्पची जाहिरात, हे मला पहिल्याच अंकात दिसलं होतं. पण मासिकाचं काही चुकलं तर पुढच्या अंकात, कोपऱ्यात का होईना, दुरुस्ती यायची. ती कापून मी मूळ पानावर चिकटवत असे. ऑनलाइन चुकीचं पान एक तर तसंच राहतं, नाही तर गुपचूप बदलतं, आणि खाली लोक 'परफेक्ट!' लिहून गेलेले असतात. माझं मासिक आता छापून येत नाही. त्यांची वेबसाइट आहे. तीही मी संशयानेच वाचते.

त्याच मासिकातल्या एका सदराने लावलेली सवय अशी: दुसऱ्याने लिहून दिलेले सूर बाजूला ठेवायचे, मूळ रेकॉर्डिंग लावायचं आणि पहिला स्वर स्वतः तारेवर शोधायचा. या गाण्याची सीडी माझ्याकडे होती. ती चालते फक्त माझ्या जुन्या गाडीत. दुसऱ्या दिवशी मी बेस घेऊन गराजमध्ये गेले, मागच्या सीटवर आडवी बसले आणि शोधलं. सा सर्वांत जाड तारेच्या चौथ्या पडद्यावर मिळाला. म्हणजे काळी चार. ट्रॅक अर्धा सूर वर होता. माझा बेस उतरलाय की काय म्हणून ट्यूनरवर तपासला. बरोबर होता.

नागपूरकराला फोन केला.

"अहो ताई, लाखो लोकांनी पाहिलाय तो व्हिडिओ!"

"त्यातल्या किती जणांनी सीडीशी ताडून पाहिलाय?"

तो हसला. पण माणूस प्रामाणिक. संध्याकाळी त्याचाच फोन आला. "ताई, सॉरी यार. कॉपीराइटवाल्यांनी पकडू नये म्हणून लोक गाणं किंचित फास्ट करून टाकतात. सूर वर सरकतो. मी ट्रॅक खाली करून ठेवलाय. काकूंना तुम्हीच सांगा, मला त्या रागावतील."

मी लगेच काकूंना फोन केला. सगळं क्रमाने सांगितलं: व्हिडिओ, सीडी, चौथा पडदा.

"झालं सांगून?" काकू म्हणाल्या. "काल तो म्हणत होता खाली घेऊ, आज तू खाली घेतलंस. मला बरं वाटावं म्हणून मशीनवर ढकलताय."

"काकू, शप्पथ, मशीनचीच चूक होती."

"मग तेव्हाच का नाही बोललीस? बेस तर हातात होता की तुझ्या."

नुसत्या संशयावर चारचौघांत बोलायचं नाही, आधी तपासायचं, ही माझी पद्धत. काकूंच्या कानांनी तिचा अर्थ वेगळा लावला. त्यांच्या जागी मी असते, तर मीही माझ्यावर विश्वास ठेवला नसता.

सीडी त्यांना ऐकवायची तर त्यांच्या घरी प्लेअर नाही, सूर ताडायला पेटी होती ती मुलाने पुण्याला परत नेली. उरते माझी गाडी. दोनदा विचारलं. पहिल्यांदा गुडघा दुखत होता, दुसऱ्यांदा बाहेर थंडी होती.

कार्यक्रमपत्रिका छापायला जायची आहे. दिव्यांची जबाबदारी ठरली, फराळाची वाटणी झाली, ट्रॅक दुरुस्त झाला. काकूंच्या गाण्यापुढची नावाची जागा मी रिकामी ठेवली आहे. काकूंना गाडीत बसवून सीडी ऐकवणं अजून बाकी आहे.