नाथाजींचं पुस्तक आणि अंगठ्याएवढं लॉक

उमाताईंना राग यायला निमित्त लागत नाही, असं सांगलीत त्यांच्या गल्लीत सगळे म्हणायचे. पण नव्व्याण्णवच्या उन्हाळ्यात त्या भडकल्या, त्याला निमित्त होतं आणि चांगलं सणसणीत होतं.

वाईहून लग्न होऊन आलेल्या या बाईनं घराच्या पुढच्या खोलीत कॉम्प्युटर मांडून डीटीपीचा धंदा उभा केला होता. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, निवडणुकीची पत्रकं. मराठी टाइप करायचं सॉफ्टवेअर मुंबईच्या एका कंपनीचं. त्यासोबत अंगठ्याएवढी एक डबी यायची, ती कॉम्प्युटरच्या मागे खोचायची. तिला लॉक म्हणायचे. लॉक असलं तर पडद्यावर मराठी, नसलं तर नुसती चिन्हांची खिचडी. दुसऱ्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडली तरी तीच खिचडी, कारण प्रत्येक कंपनीनं आपली बाराखडी आपल्याच पद्धतीनं बांधून ठेवलेली. दुसऱ्या कुणाला ती वाचता येऊ नये, हाच तर धंदा!

मे महिन्यात वळीव आला, वीज कडाडली आणि लॉक जळालं. आत अडकलं नाथाजींचं पुस्तक.

नाथाजी म्हणजे माधवनगरच्या एका बंद पडलेल्या गिरणीतले जुने विणकर. गिरणीतल्या दिवसांबद्दल त्यांनी वर्षानुवर्षं शाळेच्या वह्यांत लिहिलं होतं. वळिवाच्या आधीच उमाताईंनी ते सगळं टाइप केलं, पडद्यावरच तपासून घेतलं, वह्या परत दिल्या होत्या. आता कॉम्प्युटरात गेलंय म्हटल्यावर कागद कशाला सांभाळायचे, म्हणून नाथाजींच्या बायकोनं, दगडाबाईंनी, त्या वह्या अंघोळीच्या बंबात घातल्या. महिन्याभरात नाथाजींना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली. नजर तेवढी शाबूत राहिली.

"ताई, कवा येनार वं पुस्तक?" दगडाबाई दर बाजारच्या दिवशी येऊन विचारायच्या. "त्येंच्या डोळ्यांदेखत छापलं म्हंजी झालं. डाक्टर काय बरं बोलत न्हाईत."

उमाताईंनी मुंबईला फोन लावला. तिकडचा माणूस म्हणाला, ते व्हर्जन बंद झालं, जुनं लॉक बदलून मिळत नाही, नवं सॉफ्टवेअर घ्या.

"आणि माझ्या जुन्या फाइली?"

"त्या उघडतीलच असं सांगता येणार नाही."

"म्हणजे लिहिलं आमच्या माणसानं, टाइप केलं मी, आणि किल्ली तुमच्या खिशात? लाज नाही वाटत?" उमाताईंनी फोन आदळला आणि तडक नव्या सायबर कॅफेत गेल्या.

परदेशातली मराठी मंडळी एका साइटवर गप्पा मारतात, हे त्यांनी ऐकलं होतं. तिथे त्यांनी एका म्हाताऱ्या विणकराचं पुस्तक कसं कोंडलं गेलंय ते लिहिलं. लिहिलं इंग्रजी अक्षरांत, कारण मराठी अक्षरं तिथे कुणाच्या बापाला दिसत नव्हती.

उत्तरं आली. एकानं विचारलं, बॅकअप का घेतला नाही? घेतला होता की! फ्लॉप्यांचा डबा भरला होता, पण त्यांनाही तेच लॉक लागत होतं. कॅलिफोर्नियातल्या एका शहाण्यानं लिहिलं, "कुणी जबरदस्ती केली होती का? ग्राहकाला निवड असते. पटत नसेल तर दुसरी कंपनी बघा." तिसरा म्हणाला, मराठी माणसाची कंपनी आहे, उगाच बदनामी करू नका. मग कुठली कंपनी भारी यावरून त्यांच्यात अशी जुंपली की विचारू नका. एकमेकांची अक्कल काढून झाली, मग जात काढून झाली. पुस्तकाचं पुढे काय झालं, हे एकानंही विचारलं नाही.

तासाचे पैसे मोजून उमाताई हे वाचत होत्या आणि त्यांची तळपायाची आग मस्तकात जात होती. निवड म्हणे! दुकान बदलता येतं हो, पण आपलं सामान आत असताना दुकानदारानं शटर ओढून घेतलं तर काय निवडायचं, कपाळ?

कंपनीनं मात्र सगळं वाचलं होतं. तिचा सांगलीतला एजंट मानसिंग एक दिवस दारात उभा राहिला.

"मॅडम, सायबांनी लय मोठं मन केलंय. नवं लॉक, नवं सॉफ्टवेअर, सगळं फुकट. जुन्या फाइली मी सोता बसून उघडून देतो. तुमी फकस्त तिथं लिवा, तक्रार मिटली, समाधान झालं म्हणून."

"आणि नाही लिहिलं तर?"

मानसिंगनं मान खाली घातली. "मग मला ही डबी परत न्यावी लागंल."

त्याच्या तोंडावर दार आपटावं असं उमाताईंना फार वाटलं. पण दगडाबाईंना काय सांगणार होत्या त्या? दातओठ खात त्यांनी लिहून टाकलं. "बघा, कंपन्या ग्राहकाचं ऐकतात की नाही!" असं कॅलिफोर्नियावाल्यानं लगेच खाली लिहिलं.

पुस्तक छापून झालं. दगडाबाईंनी ते नाथाजींच्या डाव्या हाताशी धरलं. त्यांनी पानं उलटली, एका ओळीवर बोट ठेवलं आणि ते लहान मुलासारखे रडले. श्रावणात ते गेले.

दसऱ्याच्या सुमारास उमाताईंना कराडहून एका डीटीपीवाल्याचा फोन आला. त्याचंही लॉक बिघडलं होतं.

"ताई, तुमचं वाचून कंपनीला फोन लावला, तर म्हणत्यात असलं कायबी आमी देत न्हाई. मग तुमाला कसं मिळालं वो?"

उमाताईंचे कान तापले. जेवढा राग त्यांना कधी कंपनीचाही आला नव्हता, तेवढा स्वतःचा आला. त्यांनी त्याला खरं काय ते सांगितलं आणि चपला घालून कॅफे गाठला. तक्रार मिटलेली नाही, गप्प बसण्यासाठी मला लॉक दिलं होतं, कराडच्या माणसाला देत नाहीत, ज्यांची ज्यांची लॉकं गेली त्यांनी इथे नावानिशी लिहा, असं त्यांनी ठणकावून लिहिलं.

दुसऱ्या दिवशी पहिलं उत्तर कॅलिफोर्नियाहून होतं. "मग घेतलंत कशाला?"

उमाताईंनी खुर्ची पुढे ओढली.

"एका माणसाला मरायच्या आधी स्वतःचं पुस्तक बघायचं होतं, म्हणून घेतलं," त्यांनी लिहिलं. "त्यांचं नाव नाथाजी. इतके दिवस भांडलात, पण तुमच्यापैकी एकानंही ते विचारलं नाही."