तिला मधी घ्या

त्या दिवशी सकाळी गल्लीत टँकर आला. घागरी हातोहात घरात पोचवायला आम्ही दहा-बारा जण रांगेला लागलो. गया, माझी बायको, नेहमी टँकरजवळ उभी राहायची. भरलेली घागर पहिली तीच उचलायची. मी तिच्या शेजारी जाऊन थांबलो, तर म्हणाली, "तुम्ही मधी व्हा." मी चिडलो. ती मधी कुणाला घेते ते मला ठाऊक होतं... पाणी भरून झालं. छातीत दुखतंय म्हणाली. दुपारी गेली.

मोठ्या दुष्काळात मुरुडकडच्या रस्त्याच्या कामावर आम्ही दोघं होतो. मातीची घमेली अशीच हातोहात जायची. एखादी बाई खचली, घरी जाऊन मरते म्हणाली, की गया तिला दोन दणकट बायांच्या मधी उभी करायची. दोन्हीकडच्या बाया थोडं जास्त वाकायच्या, मधलीला कमी वाकावं लागायचं. हात चालू राहिले की माणूस रडत बसत न्हाई, असं ती म्हणायची. मुकादमाला वाटायचं, त्याच्या शिव्यांनी काम होतंय.

पुढं लातूर जिल्हा झाला. नव्या ऑफिसात गया रोजंदारीवर शिपाई लागली. भोकरचा एक नवा कारकून फाईल हरवून राजीनामा लिहायला बसला होता. गयानं त्याचं टेबल उचलून दोन जुन्या कारकुनांच्या मधी लावलं. कुणाला विचारलं न्हाई. तो टिकला, पुढं साहेब झाला. गया रोजंदारीवरच राहिली. "कायम करतील की, कागद वर गेलाय," असं म्हातारी होईस्तोवर म्हणायची. मी म्हणायचो, तू खुळी हाईस, तुझ्या उमेदीवर ऑफिस फुकट चाललंय. ती नुसती हसायची.

तिच्या पुण्यानुमोदनाच्या शोकसभेला तोच साहेब आला. माईक धरून बोलला, गयाबाईंसारखी उमेदीची माणसं हीच ऑफिसची खरी दौलत. मी उठलो. म्हणालो, "दौलत होती तर वीस वर्षं दाराबाहेर स्टुलावर का ठेवली?" साहेबानं माईक खाली ठेवला. मला लई बरं वाटेल असं वाटलं होतं, तसं काही वाटलं न्हाई. तिला खुळी तर मीच म्हणत आलो होतो...

त्याआधी, तिला स्मशानात पोचवून आलो, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीही टँकर आला होता. मी तिच्या जागी जाऊन उभा राहिलो. तिसऱ्या घागरीचं पाणी पायावर सांडलं. शेजारची जैबुन, गयाला बहीण मानणारी, तिनं माझ्या हातातली घागर काढून घेतली. "दाजी, मधी या."

गेलो.