स्थळ पाहणाऱ्या सीआयडी काकू

सीआयडी काकू कुठल्याही घरात पाहुणी म्हणून शिरायच्या आणि निघताना त्या घरच्याच कोणीतरी होऊन निघायच्या. अमरावतीत त्यांचं खरं नाव कोणी घेत नसे. सगळी नोकरी अकोल्याच्या एका बालगृहात झाली. पुढे दत्तक गेलेली मुलं मोठी होऊन जन्मदात्या आईच्या शोधात आली, की संस्था त्यांना काकूंकडे पाठवायची. मीही त्यातलाच. पुण्यात लाडात वाढलेला, आईबाबांना सांगून आलेला.

पहिल्याच भेटीत त्यांनी मला नखशिखान्त न्याहाळलं. "पोट्टा तं राजबिंडा हाये. लगन झालं का?"

मी नाही म्हणालो. "ब्येस झालं," म्हणत त्या खूश झाल्या. मला वाटलं, बाईंचा काहीतरी गोंधळ होतोय. नंतर कळलं, ही त्यांची कामाची रीतच होती.

गावात जाऊन जुन्या बाळंतपणाची चौकशी केली, तर एखादीचा संसार मोडायचा. पण स्थळ पाहायला आलो म्हटलं, की माणसं चहा पाजून सात पिढ्यांची माहिती देतात. काकू अख्खं वऱ्हाड अशाच हिंडल्या. मुलगी मात्र कोणाची दाखवू द्यायच्या नाहीत. "पोरीचा जीव टांगनीले लावाचा नाही." दुसरा नियम याहून कडक. "मायले आधी एकटीले इचाराचं. तिनं नाही म्हटलं, तं आपन परत."

माझी माय अंजनगाव सुर्जीत सापडली. काकू तिला आठवडी बाजारात एकटीला गाठायला गेल्या, तेव्हा मी अमरावतीत गिला वडा समोर घेऊन नुसता बसलो होतो. ती नाही म्हणाली असती तर मी काय केलं असतं, मला खरंच माहीत नाही. संध्याकाळी काकू निरोप घेऊन आल्या. तिला मला पाहायचं होतं, पण घरात कोणालाच ठाऊक नव्हतं आणि कळायलाही नको होतं.

"मंग पोट्टा दाखवाचा कार्यक्रम करू," काकू म्हणाल्या. "पोट्ट्या पायतेतच ना लोकं? आपन पोट्टा दाखवू."

असा मी काकूंचा भाचा झालो आणि इस्त्रीचा शर्ट घालून मायच्या घरी गेलो. मुलगा पाहून ठेवा, ओळखीत एखादी मुलगी असली तर सुचवा, एवढंच काकूंनी सांगितलं. तिचे यजमान पानमळेवाले, दिलखुलास माणूस. ते कौतुकाने समोर बसले. मायने पोहे आणले आणि भिंतीशी टेकून ती एकेक विचारू लागली.

"जेवन येळेवर होते का? तब्येत बरी रायते? घरी आई कशी हाये? जीव लावते ना?"

"फार लावते," मी म्हणालो.

मुलाला विचारायचे तेच हे प्रश्न. तिच्या नवऱ्यालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. शेवटी त्यांनीच हसत विचारलं, "मंग, कसा वाटला पोट्टा?"

तिने माझ्याकडे डोळे भरून पाहिलं. "मले पसंत हाये."

बसस्टँडवर मला रडू आवरेना. "काहून रडून राहिला बे?" काकूंनी दटावलं. "पसंती आली तुही! लोकं म्हनतीन, नकार भेटला." आणि मग स्वतःच पदराने डोळे पुसू लागल्या. माझ्याकडून त्यांनी काहीही घेतलं नाही. "तुह्या लग्नात मले पयल्या रांगेत खुर्ची ठेवजो," एवढंच म्हणाल्या.

पण मायच्या यजमानांनी मुलगी सुचवायचं काम फारच मनावर घेतलं. ते मोबाईलवर मुलींचे फोटो पाठवतच राहिले. मी टाळत राहिलो, काकू पोट धरून हसत राहिल्या. आणि शेवटी यजमानांनीच सुचवलेली, चांदूर रेल्वेच्या त्यांच्या मित्राची मुलगी मला आवडली! काकूंना फोन केला तर म्हणाल्या, "पाय, माह्यं खोटं बी वाया जात नाही."

लग्नापर्यंत मात्र त्या थांबल्या नाहीत. आदल्या उन्हाळ्यात गेल्या. तरी मी पहिल्या रांगेत आईशेजारी त्यांची खुर्ची ठेवली होती. यजमान मांडवभर सांगत फिरत होते, "या पोट्ट्याले सगळ्यात आधी आमच्या घरच्या बाईनं पसंत केलं!"

ते ऐकून आई उठली. मांडवाच्या दाराशी अंग चोरून उभ्या असलेल्या मायचा तिने हात धरला आणि तिला आणून काकूंच्या खुर्चीवर बसवलं.