मोटेच्या नाड्यावर दोन बाया

मोट आताच्या लेकरांनी पाहिली नाय. हिरीतनं पाणी काढायची चामड्याची मोठी थैलीच म्हणा. हिरीच्या काठावर लाकडी चाक, चाकावरनं जाड दोर, त्याला नाडा म्हणायचे. नाड्याला बैलजोडी. हिरीपासून खाली उताराची वाट असायची, ती धाव. बैल धावंनं खाली निघाले की मोट भरून वर यायची. हाकणारा नाड्यावर बसायचा, त्याच्या वजनानं बैलाला जोर मिळायचा.

आमचे मालक असंच बसले व्हते आन नाडा तुटला. धावंवर आपटले, मांडीचं हाड मोडलं. हाड बसवणाऱ्यानं बांबूच्या कामट्या बांधून खाटंवर टाकलं. पोलिस ॲक्शन होऊन थोडी वर्सं झाली व्हती. आमचा मळा दौलताबादच्या अलीकडं, ओढ्याला लागून. वांगी, मिरची, थोडी अंजिराची झाडं. पाणी तुटलं की चार दिवसांत माना टाकायची सगळी.

म्या म्हनलं, मी हाकते मोट. तर धाकटे दीर म्हनले, बाई नाड्यावर बसली की हिरीचं पाणी आटतं. तेच नाय, सारं शिवार तसंच मानायचं. बाई नाडा ओलांडून बी जायची नाय. दीर आपला नाडा घेऊन चार रोज आले, मोट हाकली, पण त्यांचा स्वतःचा मळा पलीकडं वाळायला लागला. त्यांचं तरी काय चुकलं. शेवटी म्हनले, बैल विकून टाकू, दादा उठला की मग बघू.

मला कळत व्हतं. बैल गेले की मोट बंद, मोट बंद की मळा गेला, आन मळा गेला की आम्ही दोघं दुसऱ्याच्या बांधावर खुरपायला. त्यात एक तर लंगडा. मी घागरीनं पाणी काढून घालीत राहिले झाडांना. खांदे सोलून निघाले. मालक खाटंवर पडल्या पडल्या अंबाडीचा नवा नाडा वळायचे, मी दुसऱ्या टोकाला पीळ द्यायची. दीर बघून हसायचे. म्हनायचे, बैल चालले बाजारात आन ह्यांचा नाडा चाललाय.

नाडा पुरा झाला, म्या तो चाकावर चढविला, आन त्याच दिशी दीर बैलाच्या दलालाला घेऊन आले. जबान दिली व्हती त्याला. दलाल आमच्या बांड्या बैलाच्या तोंडात हात घालून दात बघत व्हता, तवाच ओढ्यात गाडी रुतली.

सडकंवरचा लहान पूल खचला व्हता, म्हून येणंजाणं आमच्या ओढ्यातनं चाललं व्हतं. आदल्या रातीला अवकाळी पडला. वरून सुकलेलं दिसायचं, खाली काळा चिखल. खुलताबादहून निकाहाला निघालेली काळी मोटारगाडी, फुलांनी मढविलेली. आत सेहरा बांधलेला नवरदेव, त्याची फुफी म्हंजी आत्या, आन बाकी वरात मागून टांग्यांत. औरंगाबादेत नवरीकडचे वाट बघत बसलेले.

माणसांनी ढकललं. जितकं ढकललं तितकी चाकं खाली. दीर भले माणूस, आमचे बैल ओढ्यात नेऊन जुपले त्यांनी. चिखलात बैलाचे बी पाय ठरंनात. बांडा तर बसलाच खाली. दीरानं आसूड उगारला तर त्यानं शिंगं फिरविली. तो मालकाचा आन माझाच आवाज ऐकायचा. चारापाणी माझ्या हातचं व्हतं.

मी काठावर उभी. गाडी, मधी हीर, पल्याड धाव. एका ओळीत दिसलं मला. म्हनलं, "भाऊजी, गाडीला नाडा बांधा. चाकावरनं घ्या. बैल धावंवर आणा. तिथं जमीन पक्की हाय."

दीर दलालाकडं बघाया लागले. दलाल म्हनला, बोलती तर बरोबर.

बैलगाडीवरचे दोर जोडून नाडा लांब केला, गाडीच्या पुढच्या दांड्याला बांधला. बैल म्या धावंवर आणले. बांडा गुमान आला. मंग सवाल आला की नाड्यावर बसायचं कोणी. दीर बसाया गेले तर बांडा मागं सरंना, पुढं सरंना. म्या पदर खोचला.

"वहिनी, नाड्याला हात लावायचा नाय," दीर म्हनले. "दोन्ही हिरींचा झरा एकच, ही आटली तर दोन्ही मळे जातेल."

हिरीजवळच्या खोपटातनं, खाटंवरनं मालकांचा आवाज आला. मोठ्यानं नाय, पण सगळ्यांनी ऐकला. "बसू दे तिला. नाडा तिनं बी वळलाय."

मी बसले. मनात आलं, ह्याच जागी मालक पडले. पण दोर माझ्या हातचा व्हता, त्यातली एकएक काडी मला ठावं व्हती. बैलांना हाक दिली. नाडा ताठ झाला, चाक करकरलं, आन बैल थबकले. माझं वजनच काय, अर्ध्या पोटानं राहिलेली मी.

फुफी काठावर बघत उभी व्हती. लई दांडगी बाई. बुरखा आवरीत आली आन म्हनली, "सरक गे. मेरा वजन कब काम आएगा?"

बसली माझ्या मागं, माझी कंबर धरून. नाडा असा दबला की बैल उतारानं आपोआप निघाले. नवरदेव अजून गाडीतच बसलेला. फुफीनं बसल्या जागंवरनं आवाज दिला, "उतर जा नवाब, तू बी हलका नक्को समझ." टांगेवाले हसून हसून लोळले. बिचारा नवा जोडा हातात घेऊन चिखलात उतरला.

मंग गाडी निघाली. धाव संपली की गाडीच्या चाकाखाली दगड लावायचे, बैल उलट्या पायांनी वर घ्यायचे, नाडा आखूड करायचा, पुन्हा दोघी बसायच्या. चिखलानं गाडी सोडली तवा असा आवाज झाला, जणू बूच निघालं. शेवटच्या धावंला गाडी इतकी जोरात आली की सगळे ओरडले, थांबवा, न्हाईतर हिरीत जाईल.

आता नवरदेवाचे पाय, फुफीचे हात, सारं चिखलानं माखलेलं. फुफी म्हनली, "पानी तो दे गे, ऐसे कैसे जाना निकाह को?"

कोणाला इचारलं नाय म्या. नाड्याला मोट बांधली, हिरीत सोडली, बसले, बैल हाकले. फुफी पुन्हा माझ्या मागं, आता तिला गोडी लागली व्हती. मोट काठोकाठ भरून वर आली आन थारोळ्यात, म्हंजी काठावरच्या हौदात, धो धो रिती झाली. दुसरी काढली. तिसरी काढली. वरातीनं हातपाय धुतले, टांग्याच्या घोड्यांनी पाणी पिलं, उरलेलं पाटानं वांग्याकडं गेलं. हीर होती तशीच.

फुफीनं जाताना माझ्या डोक्यावर हात फिरविला, सेहऱ्यातली फुलं काढून बांड्याच्या शिंगाला बांधली. गाडी गेली. दलाल उठला, फेटा झटकला आन दीराला म्हनला, ही जोडी म्या नेली तरी माझ्याकडं चालायची नाय. आन गेला.

दीर हिरीत वाकून बराच वेळ बघत राहिले. मी तशीच नाड्यावर. आता बैल न्यायची गोष्ट काढतेल, म्हून वाट बघत व्हते. ते सरळ झाले, चाकाला हात लावला.

"वहिनी," म्हनले, "सकाळी हाकायच्या आधी ह्याला तेल घाला. लई करकरतंय."

पुढं मालक उठले, काठी टेकीत हिंडाया लागले, पण मोट म्याच हाकली, हिरीवर इंजन बसंपर्यंत. तवर किती गाड्या काढल्या त्याची मोजदाद नाय. कोणाची बी रुतली की हाळी यायची, त्या नाड्यावाल्या बाईला बोलवा. आन बांड्याला जुपायच्या आधी दीरच पळत यायचे, तेलाची बुदली घेऊन.